मनोऱ्याचे अंतरंग

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ साली पूर्ण झाला. तत्पूर्वीच, १८८७ मध्ये, मोपासाँ, गुनो आदी नामवंतांनी तो निरुपयोगी व राक्षसी ठरवून जाहीर निषेध नोंदविला होता. पुढे त्याच मनोऱ्याची चित्रे इतकी प्रसृत झाली की, त्याच्याकडे नीट पाहण्याची गरजच कोणास उरली नाही. परिचयानेही दृष्टी मंदावते, हे आम्हां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

१९२८ साली जर्मेन क्रुल या छायाचित्रकर्तीचा 'मेताल' हा ६४ छायाचित्रांचा संच पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मनोऱ्याच्या चित्रांत ती सुपरिचित आकृती आढळत नाही. क्रुल यांनी मनोऱ्याच्या आत शिरून, कॅमेरा तिरपा धरून, लोखंडी तुळयांची वीण टिपली. चित्रांखाली नावेही दिली नाहीत.

यास केवळ चमत्कृतीचा हव्यास म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. दुरून मनोरा एकट्या आयफेलचा भासतो. आतून मात्र सुमारे २५ लाख रिव्हेट ठोकणाऱ्या अनाम कामगारांचे श्रम डोळ्यांत भरतात. ज्या लोखंडाची १८८७ साली निर्भर्त्सना झाली, त्याचेच सौंदर्य ४१ वर्षांनी असे प्रकट झाले.