जोडाक्षरं न येणारी कवयित्री

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

जालना रस्त्यावरच्या आकाशवाणीच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा बोलायला आलो, त्या दिवशी माझ्या हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची फडफड माइकमध्ये जाईल असं वाटलं. काचेपलीकडच्या गृहस्थांनी ते पाहिलं. ते आत आले आणि म्हणाले, "सर, कागद टेबलावर ठेवा. बोट धरून वाचा." बस, एवढंच. 'घाबरू नका' असं ते म्हणालेच नाहीत. 'घाबरू नका' म्हटल्याने कुणाची भीती गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

ही भीती माझ्या फार जुन्या ओळखीची. आमचं लहानपण छावणीत गेलं. नऊ-दहा वर्षांचा असताना रविवारच्या उपासनेत मला शास्त्रवाचनासाठी उभं केलं. उतारा दानिएलच्या पुस्तकातला. 'नबुखद्नेस्सर' या नावावर माझी गाडी अडली. एकदा अडलो, दुसऱ्यांदा अडलो, मागच्या बाकावरची पोरं खुदखुदली आणि मी पुस्तक तसंच टाकून आईशेजारी येऊन बसलो. नंतर एका मोठ्या माणसाने प्रेमाने समजावलं, की प्रार्थना कमी पडली असेल. प्रार्थनेचं मला माहीत नाही, पण जोडाक्षर नक्की कमी पडलं होतं!

पुढच्या रविवारी मंडळीतल्या एका आजींनी मला हाक मारली आणि फळ्यावर भजनांचे आकडे लिहायला सांगितलं. महिन्याभराने ते आकडे मोठ्याने सांगायला लावले. वाचनाचा विषय त्यांनी काढलाच नाही. पुन्हा वाचायला उभा राहिलो तो जवळजवळ वर्षाने, आणि तेही माझं मीच विचारून.

पुढे इतिहास शिकवताना लक्ष्मीबाई टिळकांचं चरित्र नीट वाचलं, तेव्हा त्या आजी मला सारख्या आठवत राहिल्या. लक्ष्मीबाईंनाही जोडाक्षरांनी आयुष्यभर छळलं. त्यांच्या लिहिण्यात जोडाक्षरं धड येत नसत, शुद्धलेखनाचा तर प्रश्नच नव्हता. आणि याच बाईने मराठीतल्या एका महाकाव्याचे चौसष्ट अध्याय रचले.

लक्ष्मीबाई जन्मल्या १८६८ साली, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात. माहेरचं नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याने घर पार गांजलेलं. अकरा-बारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. (लोकमान्य वेगळे, हे कवी टिळक. वर्गात ही चूक दरवर्षी कुणीतरी करायचंच.) टिळक मोठे कवी, पण एका ठिकाणी पाय टिकेल तर शपथ. नोकऱ्या धरायचे, सोडायचे. बायकोला शिकवायचं हाही त्यांचा एक उत्साह होता. तो उत्साह यायचा, चार दिवस राहायचा आणि जायचा. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती अशा हप्त्याहप्त्याने.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी नसल्यासारखा. नाशिक, पंढरपूर असं नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी काही वर्षं काढली. नंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. इथे मला टिळकांचं फार कौतुक वाटतं. एरवी हा माणूस अतिशय उतावळा, तरी या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली. राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनात हळूहळू पक्कं झालं की जातपात देवाने केलेली नाही. मग त्यांनी शिवाशिव सोडली आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी दुष्काळात अनाथ झालेली पोरं घरात वाढवली, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा केली. ज्या बाईला एके काळी दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्याबद्दल मी हे सांगतो आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. मराठीत असा मोठा प्रयत्न त्याआधी तीनशे वर्षांपूर्वी झाला होता. गोव्यातल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. टिळकांचं काम मात्र दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

मागे राहिली बायको. वय पन्नाशीचं, शाळेचं तोंड न पाहिलेलं. तिच्याजागी मी असतो तर ते बाड कापडात बांधून कपाटात ठेवलं असतं आणि दर नाताळला त्याला हार घातला असता. आपल्याकडे थोरांच्या अपुऱ्या कामाचं बहुधा हेच होतं. नापास होण्याची भीती अशा वेळी आदराचा अंगरखा घालून येते. 'त्यांच्या कामाला आपण कसा हात लावावा?' असं म्हटलं की सुटलो!

लक्ष्मीबाईंनी हात लावला. तुलना होणार हे उघड होतं, कारण नवऱ्याचे अध्याय तिथेच पहिल्या पानापासून होते आणि नवरा महाराष्ट्राचा मान्यवर कवी होता. लोक दोन्हींतला सांधा शोधणार, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. तरी त्या एकामागून एक अध्याय रचत गेल्या.

त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण हे बळ एका दिवसात आलेलं नव्हतं, एवढं त्यांच्या आयुष्याकडे पाहून सांगता येतं. टिळकांच्या घरात कविता ही स्वयंपाकासारखीच रोजची गोष्ट होती. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तरुण बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले होते. अशा घरात लक्ष्मीबाई ऐकत होत्या, जुळवत होत्या, चुकत होत्या आणि त्या चुकण्याला कुणी फार मोठं मानत नव्हतं. टिळकांनी बायकोला नीट शिकवलं नाही, हे खरं. पण 'हे तुझं काम नाही' असं मात्र तिला कधी वाटू दिलं नाही. या दोनपैकी एकच मिळणार असेल, तर मी दुसरं घेईन.

मंडळीत आपण एकमेकांना धीर देतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा, धंद्यात बुडालेला माणूस, भजन म्हणताना सूर चुकलेली सून, यांना आपण वचनं सांगतो, पाठीवर हात ठेवतो आणि पुढच्या खेपेला ते काम दुसऱ्याला देतो. त्या माणसाला आपलं वचन ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिलेलं काम मात्र बरोबर दिसतं.

नव्या करारात याचा एक जुना दाखला आहे. मार्क नावाचा तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर प्रवासाला निघाला आणि अर्ध्या वाटेवरून घरी परतला. पुढच्या प्रवासाला त्याला पुन्हा न्यावं, असं बर्णबाचं मत. पौल म्हणाला, नाही. वाद इतका पेटला की दोघे जुने सोबती वेगळे झाले. बर्णबाने मार्कला घेऊन सायप्रसची वाट धरली. याच पौलाने पुढे तीमथ्याला लिहिताना मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं कळवलं. परंपरा तर मार्काचं शुभवर्तमान याच मार्कच्या नावावर मांडते. बर्णबाने त्याला काय उपदेश केला, हे शास्त्रात कुठेच नाही. त्याने त्याला जहाजात बसवलं, तेवढं आहे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत बर्णबाचं काम पुढे मुलाने केलं. त्या कराचीत देवदत्तांकडे राहत होत्या. टिळकांच्या आठवणी लिहून काढ, असा त्याचा आग्रह. व्याकरण नाही, अक्षर नाही, पण बोलता तर येतं! त्यातून 'स्मृतिचित्रे' आलं. १९३४ पासून त्याचे चार भाग निघाले. शेवटचा भाग छापून आला तेव्हा लेखिका नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत आज या पुस्तकाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. सोवळ्याओवळ्याचे घोटाळे, विसरभोळ्या नवऱ्याचे प्रताप, स्वतःचं अडाणीपण, सगळं त्या हसत हसत सांगतात. हसता येण्याइतकी त्यांची भीती मागे पडली होती.

आणि 'ख्रिस्तायन'? खरं सांगायचं तर ते आज फार कुणी वाचत नाही. अभ्यासक वाचतात, काही ख्रिस्ती घरांत प्रत असते. ज्या कामासाठी बाईंनी एवढे कष्ट उपसले ते बाजूला राहिलं आणि सहज बोलल्यासारखं जे सांगितलं ते अजरामर झालं. विद्यार्थी विचारायचे, मग सर, ते चौसष्ट अध्याय वाया गेले का? मी म्हणायचो, एवढे अध्याय रचलेल्या बाईला पुढे आठवणी सांगायला कसली भीती वाटणार? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

एक गोष्ट राहिली. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंच्या हातूनही पुरं झालं नाही. एक अध्याय उरला होता. तो देवदत्तांनी लिहिला.