सालीवरची लिपी

मालवणी मसाल्यातलं दगडफूल आपल्याला ठाऊक आहे. ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. शैवाल अन्न करतं, बुरशी आसरा देते. १८६७ मध्ये सायमन श्वेन्डेनर यांनी हे मांडलं, तेव्हा जाणकारांनीच त्यांची थट्टा केली.

याच जातकुळीतलं 'ग्राफिस'. ग्रीकमध्ये या नावाचं मूळ 'लिहिणं' असं. सह्याद्रीतल्या ओल्या रानात झाडांच्या सालीवर त्याच्या काळ्या रेघा दिसतात. मी उर्दू वाचतो, मोडीही जुळवतो. ही लिपी मात्र मला लागत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, माखिजा यांनी ती वाचली, नव्या जाती नोंदवल्या.

ही वाढ फार सावकाश. कित्येक जातींना जुनी साल, सावली, ओल लागते. २०२० मध्ये तिळारीचं रान संवर्धन राखीव झालं, हे बरं झालं. पण दोडामार्गात खासगी रानं तोडून रबर लावला गेला. झाड पाडताना आपण लाकूड मोजतो, सालीवरचा मजकूर नाही.

२००२ च्या कायद्यानं गावाला जैवविविधता नोंदवही दिली आहे. देवराईतल्या झाडांच्या नावांशेजारी ही अक्षरंही तिच्यात उतरवून घ्यावीत.