विलो रनचा धडा

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या मोटार-कारखान्यांनीं एका रात्रींत रूप पालटून विमानें आणि रणगाडे काढण्यास आरंभ केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती अर्धीच खरी वाटते. खाजगी मोटारींचें उत्पादन १९४२ च्या फेब्रुवारींत सरकारी हुकुमानें बंद झालें. परंतु मोटारीची विद्या विमानास लागू करतांना फार प्रयास पडले.

मिशिगन संस्थानांतील विलो रन येथील फोर्डच्या कारखान्याचेंच उदाहरण घ्या. १९४१ च्या जानेवारींत फोर्डचे उत्पादनप्रमुख चार्ल्स सोरेन्सन सॅन डिएगोस गेले. तेथें ‘बी-२४’ हीं बाँबफेकी विमानें कारागीर जवळजवळ एकेक करून जुळवीत होते. तासास एक विमान निघावें, असा आराखडा सोरेन्सन यांनीं तेथेंच आखला. मोटारीचे भाग कठीण पोलादी साच्यांत दाबून एकसारखे हजारोंनीं काढतां येतात. तीच रीत त्यांनीं विमानास लावली. परंतु मोटारीचा नमुना वर्षभर टिकतो, युद्धांतील विमानाचा मात्र रणांगणावरील अनुभवागणिक बदलतो. आणि बदल झाला कीं महागडा साचा पुन्हा घडवावा लागे. त्यांतच डेट्रॉइट सुमारें ३० मैल दूर, आणि जवळपास कामगारांस राहावयास पुरेशीं घरें नाहींत! नांवावर कोटी करून लोक कारखान्यास ‘विल इट रन’, म्हणजे ‘चालणार तरी का?’ असें म्हणूं लागले.

अखेर तडजोड झाली. ठराविक संख्येच्या गटापुरता नमुना कायम ठेवावयाचा, मधले बदल कारखान्याबाहेरील वेगळ्या केंद्रांत करावयाचे. सरकारनें कामगारांसाठीं घरें बांधलीं. कामावर स्त्रिया मोठ्या संख्येनें आल्या. त्यांचें प्रमाण सुमारें एक-तृतीयांश झालें. १९४४ सालीं तासास एक विमान निघूं लागलें. पूर्ण जुळविलेलीं आणि सुट्या भागांच्या रूपानें धाडलेलीं मिळून ८,६८५ विमानें झालीं.

१९४५ सालीं युद्ध संपलें. कंपन्यांनीं जपून ठेवलेले १९४२ चे साचे बाहेर काढले आणि थोड्या फेरफारानें तेच नमुने नव्या मोटारी म्हणून विकले. युद्धकाळीं कामावर घेतलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळींस काम चालू ठेवावयाचें होतें; त्यांना घरीं पाठवून त्यांच्या जागीं पुरुष घेण्यांत आले. पोलादी साचा बदलण्याची युक्ति ज्या उद्योगानें निकडीपोटीं शोधली, त्यास हा जुना रिवाज बदलण्याची निकड भासली नाहीं. विलो रनच्या वेगाचें कौतुक करतांना त्या हातांचाहि हिशेब मांडणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.