व्यसनमुक्तीचा समुपदेशक कुठून आला?

‘व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक व्हायचं आहे, कोणता कोर्स करू?’ असं विचारत कोल्हापुरातली मुलं-मुली माझ्याकडे येतात. कोर्सचं नाव सांगायला मिनिटही लागत नाही. पण हा पेशा कसा घडला हे ठाऊक असल्याशिवाय त्यात पाऊल टाकू नये, असं मला वाटतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

दारू सोडवण्याचे आपल्याकडचे मार्ग जुने आहेत. कुणी पंढरीची माळ घालायचा, कुणी अंबाबाईसमोर नाहीतर जोतिबाच्या डोंगरावर शपथ घ्यायचा. माळेनं कित्येकांचे संसार सावरले, हे खरंच. पण ज्याची शपथ मोडली, तो गावाच्या लेखी कायमचा खोटा ठरला. दुसरा मार्ग कायद्याचा. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला. कायद्याला बाटली जप्त करता आली. पण ती सुटत का नाही, हे पिणाऱ्याला विचारणारं कुणी नव्हतं.

ते विचारणारा माणूस अमेरिकेत भेटला, आणि तो स्वतःच पिणारा होता. १९३५ साली ॲक्रन या गावी बिल नावाचा शेअर दलाल आणि डॉ. बॉब नावाचा सर्जन एकमेकांना भेटले. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोलत राहिलं की आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांना उमगलं. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. पुढे १९५०च्या दशकात मिनेसोटातल्या विल्मर इथल्या सरकारी रुग्णालयानं दारूतून बाहेर पडलेल्यांना समुपदेशक म्हणून पगारी नोकरी दिली. डॉक्टरांच्या बरोबरीनं कालचा रुग्ण कामाला लागला.

आपल्याकडे ही वाट रुंद केली ती पुण्याच्या मुक्तांगणनं. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबई-पुण्यातल्या मुलांपर्यंत पोहोचली होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात केंद्र सुरू झालं. तिथं बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. कारण व्यसन एकाचं असलं तरी त्याचा मार सगळं घर खातं. १९९७ साली सुनंदाताई गेल्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे ते काम सांभाळलं.

या पेशाची एक मुळी अनुभवात आहे आणि दुसरी शास्त्रात. कोल्हापूरकरांना हे तालमीवरून चटकन समजेल. वस्ताद स्वतः मातीत लोळलेला असतो, म्हणून पोरं त्याचं ऐकतात. पण ‘मी केलं, मग तुला का जमत नाही?’ एवढंच म्हणणारा वस्ताद पोरगं जायबंदी करतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकाएकी थांबवली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. प्रसंगी जिवावर बेततं. अशा वेळी शपथ नव्हे, डॉक्टर लागतो. आपलं काम कुठं संपतं आणि डॉक्टरांचं कुठं सुरू होतं, हे समुपदेशकाला शिकावंच लागतं.

तेव्हा मानसशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी जरूर घ्या. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी तर अनुभवाला शिक्षणाची जोड द्यायलाच हवी. पगार फार मोठा नसेल, हे आधीच धरून चाला. महिनोन्महिने चांगला राहिलेला माणूस एखाद्या संध्याकाळी पिऊन समोर उभा राहील. त्या वेळी त्याला खोटारडा न म्हणता ‘या, बसा’ म्हणता आलं पाहिजे. जुन्या शपथेत हीच एक सोय नव्हती. ती करून देण्यासाठीच हा पेशा जन्माला आला.

प्रवेशअर्ज भरण्याआधी एकच करा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची खुली सभा जिथं जवळ भरत असेल तिथं जा, मागच्या बाकावर बसा आणि तासभर नुसतं ऐका. तेवढं ऐकणं जमलं, तर पुढचं शिकता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)