लघुलहरींवरून आलेला रॉक अँड रोल

बिदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) या जिल्ह्यांच्या मराठीभाषक पट्ट्यात रॉक अँड रोल आला तो मुख्यतः मुंबईच्या चित्रपटगीतांतून आणि कोलंबोहून ऐकू येणाऱ्या रेडिओवरून. त्यामुळे या संगीताचा येथील इतिहास सांगायचा तर अमेरिकन गायक बिल हेली यांच्याइतकेच संगीतकार सी. रामचंद्र आणि केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांचेही नाव घ्यावे लागते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री संगीत यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात रूढ झालेला हा नाचता प्रकार. चार ठोक्यांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर दिलेला जोर ही त्याची ठळक खूण असून, समेची वाट पाहणाऱ्या कानाला हाच जोर आधी खटकतो आणि मग ओढ लावतो. हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १२ एप्रिल १९५४ रोजी ध्वनिमुद्रित झाले, पण गाजले ते पुढच्या वर्षी, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटात वाजल्यानंतर. निरर्थक अक्षरांच्या आरोळीने सुरू होणारे लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ही १९५५चेच.

इकडे १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते हाती आलेल्या केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तेथून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन फार दूरवर पोहोचतात, म्हणून आवाज मधूनच विरला, खरखर वाढली, तरी बिदरमधील भालकीला किंवा गुलबर्ग्यातील आळंदला कोलंबो ऐकण्यासाठी जवळच्या केंद्राची गरज नव्हती. अभिजाततेच्या रक्षणासाठी उचललेल्या पावलाने उडत्या चालींनाच परदेशी व्यासपीठ मिळवून दिले, हा केसकरांच्या धोरणाचा मासलेवाईक परिणाम म्हणावा लागेल.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’तच (१९५१) गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने पाश्चात्त्य वाद्यमेळ हिंदी गीतात रुळवला होता. ‘आशा’तील (१९५७) ‘ईना मीना डीका’त ते थेट रॉक अँड रोलवर आले. किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजांत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झालेल्या या गीतात शब्दांना अर्थ असण्याची अट जवळजवळ मोडीत काढलेली आहे आणि सारी भिस्त ठेका, फुंकवाद्ये व गळ्याची लवचीकता यांवर आहे.

हे गीत आले तेव्हा सीमाभागाचा नकाशा नुकताच बदललेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बिदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, तर जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी एका राज्यात आणि शेजारचे उदगीर दुसऱ्यात, अशी फाळणी झाली. शाळा-कचेरीची भाषा कोणती, हा प्रश्न येथे घरोघरी ज्वलंत होता, मात्र हिंदी गीताला तो आड आला नाही, कारण बाजारात दखनी उर्दूचा सराव पिढ्यानुपिढ्यांचा होता आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरात संत माणिकप्रभूंची (१८१७–१८६५) पदेही एकाहून अधिक भाषांत गायली जात.

या प्रवासात मूळ संगीतातले काही गळालेही. अमेरिकेत त्याच्याशी वर्णभेदाचा आणि घराविरुद्धच्या तरुण बंडाचा संबंध होता, तर हिंदी पडद्यावर ते बहुधा नायकाच्या खट्याळपणाचे साधन ठरले; अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरी यांचे नाव ठाऊक नसतानाही त्यांच्या पिढीचा ठेका अनेकांच्या अंगवळणी पडला.

केसकर मंत्रिपदी असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रेडिओ सिलोनला तोंड देण्यासाठी आकाशवाणीला विविध भारती ही सेवा सुरू करावी लागली. गुलबर्ग्याला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळेपर्यंत १९६६ उजाडले, आणि तोवर ‘भूत बंगला’तून (१९६५) ट्विस्ट हा नाचही पडद्यावर येऊन गेला होता.