गोसावी म्हणजे कोण?

श्रोतेहो, भगवी कफनी घातलेला माणूस दारात उभा राहिला की पोरं ओरडतात, "आई, गोसावी आला!" आणि आई मूठभर पीठ घेऊन बाहेर येते. भिक्षा मागतो तो गोसावी, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात उरला आहे. मूळ शब्द मात्र मोठ्या मानाचा.

संस्कृतातल्या 'गोस्वामी'चे मराठीत गोसावी झाले. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, तसाच इथेही 'म'चा 'व' झाला. उत्तरेकडे त्याच शब्दाचे गोसाईं झाले. गो म्हणजे गाय. तेव्हा सरळ अर्थ गायींचा धनी. पण गो म्हणजे पृथ्वी, वाणी आणि इंद्रियेसुद्धा. म्हणून साधकांनी अर्थ लावला तो असा, की ज्याची इंद्रिये ताब्यात आहेत तो गोस्वामी. दावे तोडून सुटलेले गुरू उभे पीक फस्त करते, इंद्रियांचेही तसेच. शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको.

तेराव्या शतकातल्या म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांना 'गोसावी' म्हटले आहे. तिथे त्याचा अर्थ स्वामी, प्रभू. सोळाव्या शतकात रूप आणि सनातन या दोघा भावांनी बंगालच्या सुलतानाच्या दरबारची मोठी चाकरी सोडली आणि चैतन्यांचे शिष्य होऊन ते वृंदावनात राहिले. त्यांनाही लोकांनी गोस्वामीच म्हटले.

पुढे गिरी, पुरी, भारती अशा नावांचे दशनामी संन्यासी गोसावी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांतले काही व्यापारात, सावकारीत शिरले. काहींनी तलवार धरली. पुण्याच्या सोमवार पेठेतले त्रिशुंड गणपतीचे देऊळ एका गोसाव्यानेच १७५४ साली बांधायला घेतले. १७६१ साली पानिपतावर अनूपगिर गोसावी शुजाउद्दौल्याच्या फौजेत होता. कित्येकांनी संसार थाटले. मग साधनेने मिळवायची पदवी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. तिचे आडनाव झाले, जातही झाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, हजेरीपटावर एखादा गोसावी असला आणि मुले त्याला झोळीवरून चिडवू लागली, तर हा शब्द फळ्यावर फोडून दाखवा. त्या मुलाची मान ताठ होईल. आणि जाता जाता सगळ्या वर्गाला हेही सांगा, की आडनाव जन्माने मिळते. आपल्या इंद्रियांचा धनी मात्र ज्याचे त्यानेच व्हावे लागते.