लॅक्टोमीटर, साय आणि मुंबईचे तबेले

१/९
शहरातील अन्न शुद्ध राखायचे, तर तपासायचे काय? विकण्याची जागा, विकला जाणारा पदार्थ, की तो जिथून येतो ते ठिकाण? मुंबईने हे तिन्ही मार्ग चोखाळले. तिसऱ्यापर्यंत पोहोचण्यास तिला सुमारे ऐंशी वर्षे लागली. दुधाच्या अंगाने त्या प्रवासाचा हा धागा.

२/९
पहिला मार्ग जागेचा. १८६९ साली उभी राहिलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत (आजची महात्मा फुले मंडई) देखणी होतीच; शिवाय विक्रेते एका छपराखाली आले की त्यांच्यावर नजर ठेवणे सोपे जात असे. पुढे १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने परवाने देण्याचा, अन्नपदार्थ तपासण्याचा आणि खाण्यास अयोग्य माल जप्त करण्याचा अधिकार शहराच्या प्रशासनाला दिला.

३/९
सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. घरे धुऊन निघाली, जंतुनाशके फवारली गेली. परंतु रोग पसरवणारी उंदरांवरील पिसू कुणाच्याच ध्यानी नव्हती. तिची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवली. डोळ्यांना दिसणारी घाण काढली म्हणजे धोका टळला, या समजुतीची मर्यादा येथे उघड झाली.

४/९
दुसरा मार्ग पदार्थाच्या परीक्षेचा. ग्राहकाने मागितलेल्या दर्जाचा नसलेला पदार्थ त्याच्या माथी मारणे ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. मुंबई प्रांताने १८९९ मध्ये भेसळ प्रतिबंधाचा कायदा केला. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ होती. उष्ण हवेत दूध टिकत नाही. त्यामुळे एवढ्या वस्तीला दूध पुरवणाऱ्या म्हशींचे तबेले वस्तीलाच खेटून होते.

५/९
दूध तपासण्याचे सोपे साधन म्हणजे लॅक्टोमीटर. गाईच्या दुधाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२८ ते १.०३२ असते. पाणी घातले की ते उतरते. मात्र साय पाण्याहून हलकी. ती काढून घेतली की ते चढते. म्हणून आधी साय काढून मग बेताने पाणी घातले, तर मापीचा आकडा पुन्हा जागेवर येतो आणि दोन्ही लबाड्या एकमेकींना झाकतात.

६/९
ही लबाडी पकडायला स्निग्धांश मोजावा लागतो, म्हणजे प्रयोगशाळा लागते. तिथेही अडचण होतीच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के. म्हशीच्या दुधात पाणी घालून ते गाईचे म्हणून विकले, तर केवळ स्निग्धांशाचा आकडा पुरेसा ठरत नाही.

७/९
शिवाय दुधात पाणी आहे हे रसायनशास्त्र सांगू शकते. ते तबेलेवाल्याने घातले, मधल्या व्यापाऱ्याने की दारोदार फिरणाऱ्या भय्याने, हे नाही. पकडला जातो तो ज्याच्या भांड्यातून नमुना घेतला तो. मुंबईचे म्युनिसिपल विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकस जोशी यांनी १९१६ मध्ये भारतीय शहरांतील दुधाच्या प्रश्नावर, विशेषतः मुंबईच्या संदर्भात, स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. हा प्रश्न आता एकेका नमुन्यापुरता उरला नव्हता, तो शहराच्या पुरवठ्याचा झाला होता.

८/९
तिसरा मार्ग उगमाचा. १९४५ मध्ये सरकारच्या दूध योजनेखाली सुमारे ४०० किलोमीटरवरील आणंदचे दूध मुंबईस येऊ लागले. १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि शहरातील हजारो म्हशी तिकडे हलवल्या गेल्या. या कामाचे सूत्रधार दारा खुरोडी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मिळाला.

९/९
१९५४ मध्ये भेसळीविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार तर फेरीवाल्यालाही नोंदणी करावी लागते. मग तो दादरचा असो वा गडचिरोलीतील मुलचेऱ्याच्या बाजारातला. तेल, पीठ, दूध यांपैकी त्याच्या पाटीत काय येते, हे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाती असते. नमुना मात्र आजही बहुतेकदा त्याच्याच पाटीतून घेतला जातो.